हेमाडपंती

खानदेशात चुना न लावता दगडात दगड बसवलेलं जुनं काही दिसलं की ते ‘हेमाडपंती’. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याचे भग्न खांब असोत की चाळीसगावजवळच्या पाटण्याचं महादेव मंदिर, सगळं एका खात्यावर. ‘हेमाद्रि’चं बोलीत ‘हेमाड’ झालं, पुढे आदराचा पंत लागला. हा हेमाद्रि यादवराजे महादेव आणि रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप (दफ्तराचा मुख्य कारभारी), म्हणजे 1260 नंतरचा माणूस, ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता. पाटण्याचा शिलालेख मात्र शके 1075चा, म्हणजे 1153चा. त्यात निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने देऊळ सुरू केलं आणि मुलगा गोवन याने पुरं केलं, असं आहे. तेव्हा हेमाद्रीचा पत्ताही नव्हता! पण निकुंभांना विचारतो कोण? मोडी आणि बाजरीसुद्धा लोकांनी हेमाडपंताच्याच पदरात घातलीय.

सगळं श्रेय एकाच नावाला देणं हे इथलंच नाही. पॅसिफिकमधल्या तिनियान बेटावर चामोरो लोकांचे ‘लाट्टे’ आहेत: खाली दगडी खांब, वर वाटीसारखा गोल दगड. त्यावर घरं उभी राहत. तिथले सर्वांत उंच खांब लोककथेने ‘तागा’ नावाच्या महाबली सरदाराला देऊन टाकलेत. आपल्याकडे तो मान एका कारभाऱ्याला मिळाला, हे मला जास्त मराठी वाटतं.