पाद्र्याला भेटला पाद्री

परक्याशी भांडण होते ते बाजारात, आणि भाऊबंदाशी होते ते बांधावर. बाजारातले भांडण संध्याकाळी दुकाने बंद झाली की मिटते; बांधावरचे मात्र आजा नातवाला वारशात देतो. धर्माच्या वादांनाही हाच नियम लागू पडतो. ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि मॉर्मन धर्मोपदेशक ह्यांचा वाद अस्सल भाऊबंदकीचा आहे, आणि त्याची एक ठिणगी शंभर-सव्वाशे नव्हे, चांगली पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्याच्या छावणीत पडली होती. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा आडवळणाचा वाटेल. पण वाईच्या माणसाला वादाचे वावडे नाही. ह्या गावाने कृष्णेच्या घाटांवर शास्त्रार्थ ऐकले आहेत, आणि १९१६ साली केवलानंद सरस्वतींनी येथेच प्राज्ञपाठशाळा काढली. शास्त्रार्थाचा पहिला दंडक असा की, खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडायचा आणि तोही असा मांडायचा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. हा दंडक पाळणारे थोडे, मोडणारे फार.

आधी थोडे मागे जाऊ. १८३० साली अमेरिकेत, न्यूयॉर्क प्रांतातल्या पामायरा गावी, जोसेफ स्मिथ नावाच्या चोविशीच्या शेतकरी तरुणाने एक जाडजूड ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. एका देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरचा प्राचीन लेख ईश्वरी कृपेने आपण वाचला आणि पत्रे देवदूताला परत केले, असे त्याचे म्हणणे. अमेरिका खंडातल्या प्राचीन लोकांची आणि त्यांना दर्शन देणाऱ्या ख्रिस्ताची कथा त्या ग्रंथात आहे. पत्रे पाहिल्याची ग्वाही अकरा जणांनी दिली आणि ती ग्रंथातच छापली आहे. हाच मॉर्मनचा ग्रंथ.

त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, १८३१च्या फेब्रुवारीत, इकडे मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश पाद्र्याचा मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाला. पुराणांतल्या देवांचे वर्तन, दुधातुपाचे समुद्र, सोळा सहस्र राण्या ह्यांवर विल्सनसाहेबांचा रोख होता. ईश्वराच्या लीलेला माणसाचे माप लावू नये, हे मोरभटांचे उत्तर. पुस्तकाला पुस्तक आले. मग आमच्या साताऱ्याहून नारायणराव नावाचे गृहस्थ पुढे सरसावले. त्यांनी निराळा डाव टाकला. बायबल उघडले आणि पाद्र्याचे प्रश्न पाद्र्यालाच घातले. विल्सनसाहेबांना १८३४ साली दुसरे पुस्तक लिहावे लागले ते ह्या सातारकराला उत्तर म्हणून. छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा तो काळ. कृष्णाकाठचा एक माणूस इंग्रजी धर्मग्रंथ वाचून वादाला उभा राहतो, ह्याचे मला शिक्षक म्हणून फार कौतुक वाटते.

आता पुण्याकडे येऊ. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन उपदेशक मुंबईत उतरला आणि पुण्याला आला. गाठीला पैसा नाही, पाठीशी मिशनची कोठी नाही. छावणीतल्या गोऱ्या शिपायांत आणि त्यांच्या कुटुंबांत तो बोलू लागला, एक लहानशी मंडळी जमवली, मराठीही शिकू लागला. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. विरोध केला कोणी? शास्त्रीबोवांनी नव्हे. त्याच्यावर तुटून पडले ते इंग्रजी पाद्री आणि इंग्रजी वर्तमानपत्रे. आणि लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचार करायला त्याला मज्जाव केला. मद्रासेत पुढल्याच वर्षी रिचर्ड बॅलंटाइन ह्या दुसऱ्या मॉर्मनाचे तेच झाले. त्याने तर पाद्र्यांच्या पत्रकांना उत्तरे देण्यासाठी नियतकालिकच काढले. हाच बॅलंटाइन पूर्वी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात मुलांची पहिली रविवारची शाळा घालणारा. तेव्हा माणूस आमच्या धंद्यातला.

ह्या दोघांत वाद तरी कशाचा? दोघेही येशूलाच तारणारा म्हणतात, दोघांच्याही हातात बायबल. पण मॉर्मन म्हणतो, प्रेषितांच्या मागून खरी मंडळी पृथ्वीवरून लोपली. ३२५ साली नायकीयाच्या परिषदेत धर्मगुरू जमले आणि त्यांनी पिता व पुत्र हे एकाच तत्त्वाचे असे ठरवले, ती तत्त्वज्ञांची कारागिरी. पिता आणि पुत्र हे दोन निराळे, देहधारी पुरुष आहेत. ख्रिस्ती म्हणतो, हे मानले तर एकेश्वरी धर्म उरला कुठे? तुम्ही तर अनेक देव मानता! ज्या पाद्र्याने आदल्या दिवशी एखाद्या भटजीला अनेक देवांवरून छेडले असेल, त्याला हा शब्द आपल्याच भावकीसाठी वापरावा लागला.

ग्रंथाच्या वादात तर खरी रंगत आहे. ख्रिस्ती पक्ष प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायावर बोट ठेवतो: ह्या ग्रंथात कोणी भर घालू नये, असे तेथे बजावले आहे, मग तुमचा नवा ग्रंथ आला कोठून? मॉर्मन शांतपणे मागची पाने उलटतो. भर घालू नका, असे मोशेनेही अनुवादाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. तो नियम तुमच्या अर्थाने लावला तर मोशेच्या पुढचे सगळे बायबल फाडून टाकावे लागेल! उत्तर बिनतोड आहे, हे मान्य करायला हवे. पण एवढ्याने नवा ग्रंथ खरा ठरत नाही. दार बंद नाही एवढेच सिद्ध होते. आत आलेला पाहुणा कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि तेथे ख्रिस्ती पक्ष जोरात आहे. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत त्या कथेतले घोडे आणि पोलादी तलवारी कोठे होत्या? सोन्याचे पत्रे कोठे आहेत? जोसेफ स्मिथने १८३५ साली इजिप्तच्या ममींबरोबर आलेल्या पपायरसांवरून अब्राहामाचा म्हणून एक ग्रंथ दिला. त्या पपायरसांचे काही तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून बाहेर आले, तेव्हा इजिप्तच्या लिपीचे जाणकार म्हणाले, हे तर मृतांसोबत ठेवायचे साधे अंत्यविधीचे लेख आहेत. मॉर्मन पंडितांची उत्तरे दोन: हे तुकडेच आहेत, मूळ भाग हरवला, किंवा पपायरस हे केवळ निमित्त, स्फूर्ती वरून आली.

शेवटी मॉर्मन म्हणतो, प्रार्थना करून विचार, तुझे अंतःकरण सांगेल. ख्रिस्ती म्हणतो, अंतःकरणाची ऊब हे प्रमाण नव्हे. येथे आमच्या शास्त्र्यांनी कान टवकारले असते. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ह्यांच्या भानगडी त्यांना नव्या नव्हत्या. माझ्यापुरते विचाराल तर पुराव्याच्या ह्या तंट्यात मॉर्मनांची बाजू मला लंगडी वाटते. मात्र ज्या फुटपट्टीने त्यांचे घोडे मोजले, तीच फुटपट्टी योनाच्या माशाला आणि सूर्य थांबवणाऱ्या यहोशवाला लावायची का, हे विचारले की ख्रिस्ती पक्षाचा आवाज एक पट्टी खाली येतो. साताऱ्याच्या नारायणरावांची वाट हीच होती.

बहुपत्नीकत्वाचे प्रकरण ह्याहून चमत्कारिक. १८५२च्या ऑगस्टात, म्हणजे फिंडले मुंबईत उतरला त्याच वर्षी, मॉर्मनांनी आपली ही चाल सॉल्ट लेकला उघडपणे जाहीर केली. बातमी हिंदुस्थानात पोचली आणि पाद्र्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. मॉर्मनांचे उत्तर तयार होते: अब्राहामाला किती बायका? याकोबाला? दाविदाला? शलमोनाची तर गणतीच नको. सोळा सहस्र राण्यांवरून झोडपणाऱ्यांना शलमोनाचा हिशेब द्यावा लागला. पुढे १८९० साली मॉर्मनांनी ही चाल सोडण्याचे जाहीर केले. पण वादातली टोमण्यांची परंपरा कायद्याने थांबत नाही. फिंडलेची पुण्यातली मंडळी काही वाढली नाही. १८५५ साली त्याने हिंदुस्थान सोडला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री ह्यांच्या सभा झाल्या. त्यांचा वृत्तांत अमेरिकन मिशनच्या जॉर्ज बोवेन ह्यांनी पुस्तकरूपाने छापला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यात जागा अडवून बसले आहे, हे विशेष. बोवेन तरुणपणी स्वतः नास्तिक होता. त्याची प्रेयसी वारली, तिने मागे ठेवलेले बायबल वाचता वाचता तो पालटला. न मानणाऱ्याच्या अंगणात तो राहून आलेला होता. म्हणूनच त्याच्या लेखणीला पूर्वपक्ष जमला असावा, असे मला वाटते. ह्याच अमेरिकन मिशनचा दवाखाना पुढे वाईत उभा राहिला. तेथे औषध घेताना कोणी नायकीयाच्या ठरावाबद्दल विचारत नसे.

वादाचे मूळ मात्र ग्रंथात नाही की घोड्यात नाही. ते 'ख्रिस्ती म्हणायचे कोणाला' ह्या प्रश्नात आहे. २००१ साली व्हॅटिकनने मॉर्मनांचा बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला: शब्द तेच, पण पिता-पुत्र म्हणताना अर्थ निराळा. मॉर्मनही इतरांचा बाप्तिस्मा धरत नाहीत, नव्याने देतात. २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव सोडून येशू ख्रिस्ताचे नाव असलेले आपले पूर्ण नाव घ्यावे, असा आग्रह धरला आहे. कुंपणाबाहेर ठेवलेल्याने घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावावी, तसे हे.

हेच कुंपण साताऱ्यात एका कवीला नकोसे झाले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनमधल्या कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हिंदू शेजाऱ्यांनाही हे गौडबंगाल उमगेना. टिळकांना आयुष्य पुरले नाही. १९१९च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार दिवस चालला नाही. त्या दोन वर्षांत दरबारात येऊन बसणाऱ्याला, तू आतला की बाहेरचा, असे दाराशी कोणी विचारले नाही.