डाखाऊमधील खाऱ्या पाण्याचे प्रयोग आणि संमतीचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील नाझी डॉक्टरांच्या गुन्ह्यांविषयी लिहिताना सामान्यतः न्यूरेंबर्ग संहितेपासून सुरुवात केली जाते. 1947 मध्ये न्यायालयाने दहा तत्त्वे सांगितली आणि तेव्हापासून मानवी प्रयोगांना नियम लागू झाले, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून आढळते. ही मांडणी अपुरी आहे. ज्या देशात हे गुन्हे घडले त्या देशात नियम आधीपासून होते आणि ते त्या काळाच्या मानाने बरेच कडक होते.

1900 मध्ये प्रशियाच्या शासनाने रुग्णालयांना आदेश देऊन संमतीशिवाय आणि अज्ञान व्यक्तींवर, उपचाराशी संबंध नसलेले प्रयोग करण्यास मनाई केली होती. 1930 मध्ये ल्यूबेक शहरात क्षयाची सदोष लस दिली गेल्याने सत्तरहून अधिक अर्भके दगावली. त्यानंतर 28 फेब्रुवारी 1931 रोजी जर्मन गृहमंत्रालयाने विस्तृत परिपत्रक काढले. संमतीशिवाय प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नये, प्रथम प्राण्यांवर चाचणी घ्यावी, माणसाच्या गरिबीचा वा लाचारीचा प्रयोगासाठी फायदा घेऊ नये, मरणोन्मुख रुग्णावर प्रयोग करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हिटलर सत्तेवर आला तो यानंतर दोनच वर्षांनी. त्याच्या राजवटीने 1933 मध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणारा कायदाही केला, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे.

तेव्हा प्रश्न नियमांच्या अभावाचा नव्हता. नियमातील ‘माणूस’ या शब्दात कोणाची गणना करायची, हा खरा प्रश्न होता. डाखाऊच्या छळछावणीत 1944 च्या उन्हाळ्यात रोमा कैद्यांवर झालेल्या प्रयोगांच्या हकीकतीवरून तो नीट उलगडतो.

जर्मन हवाई दलाचे वैमानिक समुद्रात पडले की पिण्याच्या पाण्यावाचून त्यांचे हाल होत. यावर दोन उपाय पुढे आले होते. डॉ. कॉनराड शेफर यांच्या पद्धतीने पाण्यातील क्षार खरोखर निघून जात, परंतु तिला चांदी लागे आणि चांदीचा तुटवडा होता. बेर्का नावाच्या अभियंत्याची पद्धत स्वस्त होती. तिच्यात पाण्याची चव फक्त झाकली जाई. मीठ होते तेवढेच राही. मे 1944 मध्ये बर्लिनला झालेल्या बैठकीच्या टिपणात, बेर्काचे पाणी पिणाऱ्याच्या प्रकृतीस सहा दिवसांत कायमची इजा होईल आणि बाराव्या दिवसापर्यंत मृत्यू येईल, असे नोंदवलेले आहे. म्हणजे उत्तर जवळजवळ हाती होते. समुद्राचे पाणी शरीरातील पाणी ओढून घेते हे शरीरशास्त्राला माहीत होतेच. हा प्रश्न प्रयोगशाळेत साध्या साधनांनी सुटला असता, असे पुढे सरकारी पक्षाने न्यायालयात दाखवून दिले. तरीही प्रयोग माणसांवर करण्याचे ठरले.

माणसे कोणती घ्यावीत यावर जो पत्रव्यवहार झाला, तो प्रयोगाइतकाच अभ्यासण्यासारखा आहे. पोलीस खात्यातील आर्थर नेबे याने जिप्सी कैदी सुचवले. एसएसचा मुख्य वैद्य ग्राविट्झ याने हरकत घेतली. हरकत दयेपोटी नव्हती. जिप्सींचा वंश वेगळा असल्याने निष्कर्ष जर्मन सैनिकांना लागू पडतील की नाही, अशी त्याला शंका होती! हिमलरने निकाल दिला की जिप्सीच घ्यावेत आणि ताडून पाहण्यासाठी तीन इतर कैदी घ्यावेत. संमतीचा विषय या चर्चेत कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही.

बुखेनवाल्डहून 44 रोमा व सिंती कैदी डाखाऊला आणण्यात आले. चांगल्या कामावर पाठवतो असे आपल्याला सांगितले गेले, अशी जबानी साक्षीदाराने नंतर दिली. यांतील अनेक जण त्यापूर्वी आउश्वित्झमध्ये होते. तेथील जिप्सी कुटुंबांच्या छावणीतून काम करण्याजोगे पुरुष बाहेर काढले गेले आणि मागे राहिलेली सुमारे 4,300 माणसे, त्यांत बहुतांश स्त्रिया, मुले व वृद्ध, 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री विषारी वायूने मारली गेली. प्रयोग आणि वंशसंहार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. संहारासाठी जमवलेल्या माणसांतूनच प्रयोगाची माणसे निवडली जात होती.

प्रयोगाची सूत्रे व्हिएन्नाचे डॉ. विल्हेल्म बाइगलब्योक यांच्याकडे होती. कैद्यांचे गट पाडले गेले. एका गटाला काहीच पाणी नाही, दुसऱ्याला नुसते समुद्राचे पाणी, तिसऱ्याला बेर्काच्या पद्धतीचे आणि चौथ्याला शेफरच्या पद्धतीचे. तहानेने वेडी झालेली माणसे नुकत्याच पुसलेल्या फरशीवरचा ओलावा चाटत होती, असे साक्षींत आले आहे. काहींच्या यकृतात सुई खुपसून नमुने घेण्यात आले. येथे भाषेची एक नोंद करावीशी वाटते. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. मराठीतील पाणी आणि लोणच्यातले ‘लोण’ हे याच शब्दांचे सख्खे भाऊबंद आहेत.

न्यूरेंबर्गचा डॉक्टरांचा खटला 9 डिसेंबर 1946 रोजी सुरू झाला. 23 आरोपींपैकी 20 डॉक्टर होते. बाइगलब्योक यांनी कैदी स्वखुशीने आल्याचा दावा केला. उलटतपासणीत मात्र नोंदवह्यांतील नावे आपणच खोडली आणि टिपणांत बदल केले, हे त्यांना मान्य करावे लागले. एखाद्याने प्रत्यक्ष प्रयोगात प्राण सोडला, हे न्यायालयात निर्विवाद सिद्ध होऊ शकले नाही. नावेच खोडलेली असताना ते कसे सिद्ध व्हावे?

27 जून 1947 रोजी कार्ल ह्योलेनरायनर हा सिंती साक्षीदार उभा राहिला. प्रयोग करणारा डॉक्टर ओळख, असे सांगितल्यावर तो आरोपींच्या दिशेने गेला आणि त्याने बाइगलब्योक यांच्यावर झेप घेतली. पहारेकऱ्यांनी त्याला आवरले. या माणसाने आपले आयुष्य उद्ध्वस्त केले, असे सांगून त्याने क्षमा मागितली. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल त्याला 90 दिवसांची कैद झाली. न्यायाधीशांना न्यायालयाची शिस्त राखणे भाग होते, हे खरे. तरीही ही शिक्षा वाचताना मन अस्वस्थ होते.

20 ऑगस्ट 1947 ला निकाल पूर्ण झाला. 16 जण दोषी ठरले, त्यांतील सात जणांना पुढच्या जूनमध्ये फाशी दिली गेली. निकालपत्रातील दहा तत्त्वांपैकी पहिलेच तत्त्व ऐच्छिक संमतीचे आहे. त्यात केवळ होकार पुरेसा मानलेला नाही. होकार देणाऱ्याला बळजबरी, फसवणूक किंवा दडपण यांच्याशिवाय निवड करण्याची खरी मोकळीक असली पाहिजे, असे म्हटले आहे. 1931 च्या परिपत्रकाच्या पुढे टाकलेले पाऊल ते हेच. छावणीच्या तारेआड ‘स्वखुशी’ असू शकत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

बाइगलब्योक यांना 15 वर्षांची शिक्षा झाली, ती दहा वर्षांवर आली आणि 1951 मध्ये ते सुटले. बुक्सटेहूडे येथील रुग्णालयात ते प्रमुख वैद्य झाले आणि 1963 मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर होते. शेफर निर्दोष सुटून काही काळ अमेरिकन हवाई दलाच्या संशोधनात कामाला लागले. रोमा लोकांची वाट निराळी होती. 1943 पूर्वीचा त्यांचा छळ वांशिक नसून गुन्हेगारी रोखण्यासाठी होता, असा निर्णय पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1956 मध्ये दिला आणि अनेकांचे नुकसानभरपाईचे अर्ज त्याच आधारावर फेटाळले गेले. 1963 मध्ये न्यायालयाने ही भूमिका काही अंशी बदलली. रोमा व सिंती यांचा वंशसंहार झाला, हे जर्मन सरकारने मान्य केले ते 1982 मध्ये. जर्मन वैद्यकांच्या परिषदेने न्यूरेंबर्गमध्येच पीडितांची क्षमा मागितली, तेव्हा 2012 साल उजाडले होते.