नस म्हणजे कोणती नस?

लाखनी, साकोली, पवनीकडून कॅन्सरचा रुग्ण घेऊन निघालेली माणसं बहुतेक वेळा नागपूर गाठतात. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. केमोच्या खोलीत सलाईन लावणारीला हात सापडतो, नस सापडत नाही. ‘नसच नाई सापडून राह्यली,’ ती म्हणते. काही आठवड्यांनी तोच रुग्ण सांगतो, ‘नसीतून सुई देल्ली जी, आता बोटाच्या नसाच सुन्न झाल्या.’ पहिली नस रक्ताची, दुसरी संवेदनेची. बोलणारा दोन्हींत फरक करत नाही आणि घाईतला ऐकणाराही करत नाही.

यात खेडवळपणा काही नाही. ‘नस’ हा शब्द संस्कृत कोशांतल्या ‘स्नसा’पर्यंत मागे जातो आणि तिथे त्याचा अर्थ रक्तवाहिनी नाही की चेतातंतूही नाही, तिथे तो स्नायूचा, कंडरेचा शब्द आहे. ‘स्नायु’ही याच कुळातला. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ हे त्याचेच लांबचे भाऊबंद, आणि त्यांचाही जुना अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदन करून संवेदना वाहणारे धागे वेगळे ओळखले, तेव्हा त्यांना जुनंच नाव मिळालं. स्नायूचा प्रवास तर गमतीचा आहे. सुश्रुताकडे तो सांधे बांधणारा बंध, बंगालीत थेट चेतातंतू आणि आपल्या मराठीत दंडावर फुगणारं मांस!

‘शीर’ सुश्रुताच्या ‘सिरे’पासून आली. त्याने शरीरात ७०० सिरा आणि ९०० स्नायू मोजले, म्हणजे त्याच्या मनात दोन खाती वेगळी होती. मराठीने ती पुन्हा एक केली. शिरेतून रक्त काढतात, मान अवघडली की शीर आखडते, आणि टाचेमागच्या जाड दोरीला घोडशीर म्हणतात, जिच्यात रक्ताचा संबंधच नाही.

आता हे सगळं ज्या औषधापाशी अडतं ते व्हिंक्रिस्टिन. ते अंगणातल्या सदाफुलीतून येतं. सदाफुलीचं जुनं शास्त्रीय नाव ‘व्हिंका रोझिया’. ‘व्हिंका’च्या मुळाशी बांधणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद मानतात, वेलीसारख्या लवचीक फांद्यांमुळे. औषधाचं काम या नावाला योगायोगानेच साजेसं निघालं. पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म दोर उभे राहतात, त्यांच्या घटकाला ते धरून बसतं, दोर तयार होत नाही आणि पेशीची वाढ थांबते. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा, मूत्रपिंडाची विल्म्स गाठ यांत ते आजही वापरतात. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी याच झाडातून आधी व्हिनब्लास्टिन हे त्याचं भावंड-औषध वेगळं केलं. शोधायला निघाले होते मधुमेहावरचा उपाय. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. व्हिंक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. अजूनही साखरेसाठी सदाफुली चावणारे आहेत, त्यांनी ही हकीकत जरूर ध्यानात ठेवावी. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो आणि मोठ्या माणसाला एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. पाला चघळून ना ही मात्रा साधते, ना कॅन्सर बरा होतो.

पण तेच सूक्ष्म दोर चेतातंतूंतही असतात; त्यांच्यावरून पेशीचा माल लांब टोकापर्यंत जातो. म्हणून सर्वांत लांब तंतू आधी थकतात: पायाची बोटं, मग हाताची. डॉक्टर घोडशिरेवर हातोडी मारतात आणि पाऊल उडत नाही. म्हणजे शीर नावाची कंडरा ठोकून नस नावाचा तंतू तपासला जातो. ‘सुन्न’ हे मुळात शून्य आणि ‘बधिर’ म्हणजे बहिरा; बहिऱ्या बोटांना रोवणीत धानाच्या रोपांची जुडी सुटी करणं जमत नाही. बद्धकोष्ठ होतं तेही आतड्याचे तंतू मंदावल्याने. बुरशीवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ इट्राकोनाझोल, सोबत घेतल्या तर हा त्रास बराच वाढतो.

औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. तिथे आपला हात सवयीने बर्फाकडे जातो, पण या कुळातल्या औषधांना थंड नाही, ऊब लागते. अर्थात तो निर्णय नर्सचा. आपण आग होताच लगेच सांगायचं.

खरा धोका ‘मज्जा’ या शब्दाजवळ आहे. अस्थिमज्जा म्हणजे हाडातलं रक्त घडवणारं मऊ द्रव्य, मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली दोरी. एकच मज्जा, दोन वेगळी राज्यं. व्हिंक्रिस्टिन अस्थिमज्जेला फारसं छळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं तर जवळजवळ नेहमी जीव घेतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दुसरी औषधं मुद्दाम पाठीतून देतात, त्यामुळे गफलत घडते. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला १८ वर्षांचा मुलगा असाच गेला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावं. पिशवी कोणी पाठीच्या सुईला जोडत नाही.

चेतातंतू हा चांगला शब्द आहे, पण दवाखान्याच्या रांगेत तो कोणी उच्चारणार नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. नस म्हणा, फक्त तिचं काम सांगा. पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना ‘नसांचा त्रास आहे’ असं मोघम सांगू नका. शर्टाचं बटण लागतं का, चालताना पायातली चप्पल निसटते का, शौचाला किती दिवस झालं नाही, हे सांगा. मात्रा कमी करायची की थांबवायची, हे त्यावरून ठरतं.