डांबरातली गोडी, उंदीर आणि आठशे कॅन

'डाएट' किंवा 'झीरो' असे छापलेले पेय रोज प्यायले तर अपाय होतो का? हा प्रश्न आता शहरातल्याच नव्हे, तालुक्याच्या शाळेतल्या वर्गातही विचारला जातो. त्याला 'होतो' किंवा 'होत नाही' असे एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. परंतु या प्रश्नामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो उत्तराइतकाच शिकवण्यासारखा आहे. एखादी गोष्ट विषारी आहे की नाही हे विज्ञान कसे ठरवते, आणि ते ठरण्याआधीच सरकार, कारखानदार व लोक आपापले निर्णय कसे घेऊन टाकतात, हे त्यात स्वच्छ दिसते.

सुरुवात १८७९ सालची. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. गंमत अशी की त्याला बाल्टिमोरला बोलावले होते ते साखरेचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने, आयात साखरेची शुद्धता तपासण्यासाठी. ते काम संपल्यावर तो रेमसेन यांच्याकडे कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर संशोधन करू लागला. एका संध्याकाळी जेवताना त्याला पाव विलक्षण गोड लागला. हात नीट न धुता तो जेवायला बसला होता. गोडी पावात नसून आपल्या बोटांवर आहे हे लक्षात येताच तो प्रयोगशाळेत परतला आणि टेबलावरच्या एकेका चंचुपात्रातील द्रव त्याने चाखून पाहिला! (विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी, पण प्रयोगशाळेत काहीही चाखायचे नाही, हा नियम सांगून झाल्यावरच.) ज्या पदार्थामुळे हे घडले, तो साखरेच्या सुमारे ३०० ते ४०० पट गोड निघाला. तोच सॅकरिन.

शोधनिबंध दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. पुढे फालबर्गने मात्र एकट्याच्या नावाने पेटंट घेऊन जर्मनीत कारखाना काढला आणि रेमसेन यांचा रोष कायमचा ओढवून घेतला. जर्मनीत बीटच्या साखरेचा धंदा जोरात होता. डांबरातून निघालेली ही स्वस्त गोडी त्या कारखानदारांना परवडणारी नव्हती. १९०२ च्या कायद्याने जर्मनीत सॅकरिनची विक्री औषधालयांपुरती मर्यादित केली, आणि मग स्वित्झर्लंडमधून सॅकरिनची चोरटी आयात सुरू झाली. साखर कारखान्यांचे राजकारण म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. या पदार्थावरची पहिली मोठी बंदी आरोग्यापेक्षा साखरेच्या रक्षणासाठी होती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आरोग्याचा प्रश्न अमेरिकेत निघाला. सरकारी रसायन खात्याचे प्रमुख हार्वे वायली हे अन्नभेसळीविरुद्ध लढणारे मोठे गृहस्थ. १९०६ चा शुद्ध अन्न व औषध कायदा बऱ्याच अंशी त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होता. १९०८ च्या सुमारास अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे एका बैठकीत सॅकरिनचा विषय निघाला. साखरेऐवजी सॅकरिन वापरून आपल्या कंपनीने वर्षात ४००० डॉलर वाचवले, असे एका कारखानदाराने सांगितले. त्यावर वायली मध्येच बोलून गेले: लोकांना वाटते आपण साखर खातो आहोत, प्रत्यक्षात ते डांबरापासून काढलेला, पोषणमूल्य नसलेला आणि प्रकृतीला अत्यंत घातक पदार्थ खातात. रूझवेल्ट संतापले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत असत! सॅकरिनला घातक म्हणणारा माणूस मूर्ख आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी बैठक आटोपती घेतली.

या प्रसंगात वायलींची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम होती, वैज्ञानिकदृष्ट्या नव्हती. ग्राहकाला न सांगता साखरेऐवजी दुसरे काही घालणे ही फसवणूक आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर. पण 'अत्यंत घातक' या शब्दांना आधार देईल असा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. 'डांबरापासून काढलेले म्हणून वाईट' हा तर्क आजही ऐकू येतो. पदार्थाचे गुण त्याच्या रेणूच्या रचनेवर ठरतात, त्याच्या कुळावर नव्हे. रूझवेल्ट यांनी मग तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले आणि त्याचे अध्यक्षपद दिले कोणाला, तर आयरा रेमसेन यांना. दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंत सॅकरिनने अपाय होत नाही, एक ग्रॅमच्या वर गेल्यास पचन बिघडू शकते, असा निर्वाळा मंडळाने दिला. 'किती?' हा प्रश्न या वादात प्रथमच नीट विचारला गेला. तरीही पोषणमूल्य नसलेला पदार्थ साखरेच्या जागी घालणे ही भेसळच, या कारणाने तयार खाद्यपदार्थांत सॅकरिनला मनाई झाली. पुढे पहिल्या महायुद्धात साखरेचा तुटवडा पडला आणि सॅकरिन परत आले.

दुसरा पदार्थ सायक्लामेट. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील बाकावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठांना लावताच गोड लागली आणि हा शोध लागला. सॅकरिनला मागून कडवट चव येते. दहा भाग सायक्लामेट व एक भाग सॅकरिन असे मिश्रण केले की ती झाकली जाते. या मिश्रणावरच डाएट पेयांचा धंदा उभा राहिला. १९५२ मध्ये ब्रुकलिनमध्ये 'नो-कॅल' नावाचे पेय निघाले ते रुग्णालयातील मधुमेही रुग्णांसाठी. परंतु ते विकत घेणारे बहुसंख्य लोक मधुमेही नव्हतेच, त्यांना वजन कमी करायचे होते. मोठ्या कंपन्यांनी हे हेरले. १९६३ साली कोका-कोलाने 'टॅब' आणले, १९६४ मध्ये 'डाएट पेप्सी' आले. रुग्णांसाठी काढलेला पदार्थ निरोगी माणसाच्या रोजच्या सवयीचा भाग झाला, आणि सुरक्षिततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने मोठा झाला तो इथे. थोड्या लोकांनी क्वचित घेणे वेगळे, कोट्यवधींनी लहानपणापासून रोज घेणे वेगळे.

दरम्यान १९५८ साली अमेरिकेत अन्नातील मिश्रकांविषयीच्या कायद्यात 'डिलेनी कलम' घातले गेले होते. जो पदार्थ माणसात किंवा प्राण्यात कर्करोग उत्पन्न करतो तो अन्नात घालता येणार नाही, मग मात्रा कितीही असो. १९६९ मध्ये सायक्लामेट-सॅकरिन मिश्रण भरपूर प्रमाणात खाऊ घातलेल्या २४० उंदरांपैकी ८ उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायक्लामेटवर बंदी जाहीर झाली. आता उरले एकटे सॅकरिन.

१९७७ मध्ये त्याच्यावरही पाळी आली. कॅनडातील प्रयोगात उंदरांच्या दोन पिढ्यांना आहाराच्या ५ टक्के सॅकरिन देण्यात आले होते, आणि नरांच्या मूत्राशयात कर्करोग वाढलेला दिसला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव मांडला आणि सोबत हेही सांगितले की माणसाच्या बाबतीत ही मात्रा रोज सुमारे ८०० कॅन डाएट पेय पिण्याइतकी होईल. झाले! लोकांनी त्याची टिंगल केली. बाजारात दुसरा बिनकॅलरीचा गोड पदार्थ नसल्याने मधुमेहींच्या संघटनाही विरोधात उतरल्या. काँग्रेसने बंदी पुढे ढकलली, वेष्टनावर इशारा छापायला लावला, आणि ही मुदत पुनःपुन्हा वाढवली. कॅनडाने मात्र खाद्यपदार्थांत सॅकरिन घालण्यास मनाई केली. परिणाम मोठा मजेदार झाला. अमेरिकेत सायक्लामेटला बंदी आणि सॅकरिनला मुभा, तर सीमेपलीकडे कॅनडात चहा-कॉफीत घालायला सायक्लामेट चालते पण पेयात सॅकरिन नाही. कॅनडाची ती मनाई २०१४ मध्ये उठली. अमेरिकेतील सायक्लामेटबंदी आजही आहे, तर युरोपीय संघात ते मर्यादित प्रमाणात चालते. दोन्ही देशांपुढे विज्ञान तेच होते.

पण ८०० कॅनची टिंगल करणारेही चुकत होते, हे शिक्षकांनी आवर्जून सांगायला हवे. काहीशे उंदरांवर प्रयोग करून लाखात एखाद्याला होणारा रोग पकडायचा तर मात्रा वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. अडचण वेगळी आहे. मोठ्या मात्रेत उंदराच्या शरीरात जे घडते, ते लहान मात्रेत माणसाच्या शरीरात घडते का? हे कळायला आणखी वीस वर्षे लागली. नर उंदराच्या मूत्रात प्रथिने पुष्कळ असतात. सोडियम सॅकरिन भरपूर दिले की त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण साकळतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला खरचटवतात, अस्तराच्या पेशी ती इजा भरून काढण्यासाठी सतत विभागत राहतात आणि त्यातून गाठी होतात. क जीवनसत्त्वाचा सोडियम क्षार मोठ्या मात्रेत दिला तरी उंदरात असेच बदल दिसतात! माणसाचे मूत्र तसे नसते. दुसरीकडे, १९८० साली अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ३००० रुग्णांची जवळपास दुप्पट निरोगी लोकांशी तुलना झाली होती, तीतही एकंदरीत वाढीव धोका दिसला नव्हता. २००० साली सॅकरिनचे नाव अमेरिकेच्या कर्करोगकारकांच्या यादीतून निघाले आणि वेष्टनावरचा इशाराही गेला.

आजच्या बहुतेक वादाचे कारण असलेला तिसरा पदार्थ अ‍ॅस्पार्टेम. १९६५ मध्ये सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर अल्सरच्या औषधावर काम करीत होते. कागद उचलण्यासाठी त्यांनी बोट चाटले आणि ते गोड लागले. (या क्षेत्रात हात न धुण्याचे ऋण फार मोठे आहे.) याला १९७४ मध्ये परवानगी मिळाली, कंपनीच्या चाचण्यांविषयी शंका निघाल्याने १९७५ मध्ये ती स्थगित झाली, १९८० मध्ये चौकशी मंडळाने आणखी अभ्यास होईपर्यंत परवानगी नको म्हटले, आणि १९८१ मध्ये प्रशासनाच्या नव्या प्रमुखांनी ती दिली. पेयांसाठी ती १९८३ मध्ये मिळाली. त्या काळात सर्लचे प्रमुख होते डोनाल्ड रम्सफेल्ड, आधीचे आणि नंतरचेही संरक्षणमंत्री. लोकांच्या मनात संशय राहिला तो उगीच नाही. मात्र परवानगीची कथा संशयास्पद असली म्हणून पदार्थ विषारी ठरत नाही.

पोटात गेल्यावर अ‍ॅस्पार्टेमचे तीन तुकडे होतात: अ‍ॅस्पार्टिक आम्ल, फेनिलअ‍ॅलानिन आणि थोडे मिथेनॉल. पहिली दोन डाळीत, दुधातही असतात. मिथेनॉल वजनाच्या एक दशांश, म्हणजे २०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेममागे सुमारे २० मिलिग्रॅम. तेवढ्याच टोमॅटोच्या रसात याहून अधिक असते. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र फेनिलअ‍ॅलानिन खरोखरच अपायकारक आहे. वेष्टनावरची ती बारीक अक्षरांतली सूचना त्यांच्यासाठी असते आणि ती गंभीर आहे.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले आणि वृत्तपत्रांत मोठे मथळे झळकले. त्याच दिवशी त्याच संघटनेशी संबंधित अन्नतज्ज्ञांच्या समितीने जुनी मर्यादा, वजनाच्या दर किलोला रोज ४० मिलिग्रॅम, तशीच ठेवली. यात विसंगती नाही. पहिली संस्था विहीर आहे की नाही ते सांगते, दुसरी तुम्ही कठड्यापासून किती दूर आहात ते. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरले तर ७० किलोच्या माणसाची मर्यादा दिवसाला ९ ते १४ कॅन ओलांडल्यावर येते. तीस किलोच्या मुलाचे गणित वर्गातच करून घ्यावे: १२०० मिलिग्रॅम, म्हणजे चार ते सहा कॅन. हा आकडा मोठ्या माणसाच्या आकड्याइतका निर्धास्त करणारा नाही.

मग रोज प्यावे का? ज्याला साखरेची पेये सोडवत नाहीत त्याला फायदा होतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर पेय देण्यात आले, काहींना साखरेचे, काहींना बिनसाखरेचे. साखरवाल्यांचे वजन सरासरी ७.३७ किलो वाढले, बिनसाखरवाल्यांचे ६.३५. पण ही तुलना साखरेशी होती, पाण्याशी नव्हे. मोठ्या लोकसंख्येच्या पाहण्यांमध्ये डाएट पेये पिणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक दिसतात. इथे सावध राहावे लागते. काठी घेऊन चालणाऱ्यांचे गुडघे जास्त दुखतात, पण दुखणे काठीमुळे नसते. वजन वाढले म्हणूनच अनेकजण ही पेये धरतात. आतड्यातील जिवाणूंवर या पदार्थांचा परिणाम होतो का, याचे प्रयोग चालू आहेत. या सर्वाचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सशर्त शिफारस केली: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांवर अवलंबून राहू नये. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.

माझे मत विचाराल तर विष म्हणून या पेयाला घाबरण्याचे कारण नाही, आणि तहानेसाठी ते रोज घेण्याचेही नाही. ज्या अपायाविषयी वादच नाही तो गोडीचा नसून आम्लाचा आहे, आणि तो शाळेत दाखवता येतो. पीएच कागदाची एक पट्टी साध्या कोलात बुडवा, एक डाएट कोलात. दोन्हींचा पीएच ३ च्या आसपास येईल. दातांवरचे एनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. मग दोन्ही पेयांचे न उघडलेले, सारख्या आकाराचे कॅन पाण्याच्या बादलीत सोडा. साधा बहुधा तळाला जाईल, डाएट तरंगेल. का, ते विद्यार्थ्यांना सांगू नका. साध्या कॅनवरचा साखरेचा आकडा त्यांना वाचू द्या.