शाहू महाराजांच्या गावात घरची शाळा

चार वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे झाली होती. मी ताटे उचलत होते आणि सूनबाई हळूच म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. जूनपासून ह्याला शाळेत पाठवायचं नाही, घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय."

माझ्या हातातली ताटे हातातच राहिली. तोंडातून एकच वाक्य गेले. "शाहू महाराजांच्या गावात राहून हे बोलतेस? महाराज असते तर महिन्याला एक रुपया दंड भरायला लावला असता तुम्हाला!"

ती काही बोलली नाही. मुलगाही गप्प. मी तडक माझ्या खोलीत गेले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे दुःख समजायचे तर माझी नोकरी आठवावी लागेल. पस्तीस वर्षे मी मराठी शाळेत शिकवले. पटनोंदणीसाठी उन्हातान्हात दारोदार हिंडले. ऊसतोडीच्या हंगामात खोपीखोपीतून जाऊन पोरे गोळा केली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मुलीला "उद्या येशील ना गं?" असे किती वेळा विचारले असेल, त्याची मोजदाद नाही. ज्या बाईने दुसऱ्यांची मुले शाळेत आणण्यात आयुष्य घालवले, तिच्याच घरातला मुलगा शाळेतून निघणार होता.

कारण मलाही ठाऊक होते, फक्त कबूल करायचे नव्हते. नातू तेव्हा आठ वर्षांचा. वाचताना अक्षरे उलटसुलट व्हायची, जोडाक्षरापाशी अडायचा. शाळेत त्याला कित्येकदा वर्गाबाहेर उभे केले जाई. सकाळी सात वाजले की त्याच्या पोटात दुखायला लागायचे आणि रविवारी अजिबात दुखायचे नाही. शिक्षिकेला यापेक्षा जास्त काय सांगायला हवे?

तरी मी महिनाभर अबोलाच धरला. घरी शिकवणे हे अमेरिकेतले खूळ, अशी माझी पक्की समजूत होती. तिकडे जॉन होल्ट नावाच्या एका शिक्षकाने १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढले होते, असे कुठेतरी वाचलेले. पण मन अस्वस्थ झाले की पुस्तके काढून बसायची माझी जुनी सवय. तशी बसले, आणि ध्यानात आले की हे खूळ परदेशातले नाही, आपल्याच माजघरातले आहे.

बघा ना. सावित्रीबाईंना जोतिरावांनी घरी शिकवले, तेव्हा कुठे १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडता आली. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने आपल्या लेकीला. घर तरी कसले, बरीचशी वर्षे तीर्थयात्रेच्या वाटेवर गेली. त्या वाटेवर शिकलेल्या मुलीला पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि न्यायमूर्तींनी त्यांना मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. घरातल्या बायकांचे टोमणे खात त्या कशा शिकल्या, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शाळेचे दार बंद होते म्हणून ही सगळी शिकवणी घरात झाली.

चौथी आनंदीबाई जोशी. तिचा आपल्या कोल्हापूरशी संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गोपाळराव टपाल खात्यात. बदलीमुळे अलिबागहून ते कोल्हापुरास आले आणि इथे असतानाच, १८७८ साली, बायकोला अमेरिकेत शिकवण्याबद्दल त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. ती १८८३ साली बोटीत बसली, १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाली. आणि नेमणूक कुठे झाली? कोल्हापुरातच, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागात. ज्याला आपण आज सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. पण कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात तिचे निधन झाले. वय एकवीस. सीपीआरवरून रिक्षा गेली की मला हटकून तिची आठवण येते.

पण आनंदीबाईची गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. गोपाळराव अभ्यासासाठी तिला मारत. फेकून मारलेल्या वस्तूंविषयी तिने स्वतः नवऱ्याला पत्रात लिहिले आहे. घरच्या शाळेचे हे दुसरे अंग. शाळेत एक मास्तर वाईट निघाला तर दुसरा असतो, हेडमास्तर असतो, बाकावरचा सोबती असतो. घरात गुरू एकच, आणि त्याच्या रागावर कुणाचा वचक नाही. हे वाचून मी सूनबाईकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ती रागवायची नाही, पण दमायची फार. नोकरी तिनेच सोडली होती. तेव्हा पहिल्यांदा मी अबोला मोडला आणि मुलाला म्हटले, "गणित संध्याकाळी तू घे. सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात नको."

माझी अढी खऱ्या अर्थाने सुटली ती मात्र शाहू महाराजांमुळेच. ज्यांच्या नावाने मी सुनेला दटावले होते, त्यांनीच मला गप्प केले.

महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड, हे आम्ही शाळेत दरवर्षी २६ जूनच्या भाषणात सांगत आलो. पण त्याच महाराजांच्या घरात पुढच्याच वर्षी काय घडले, ते आमच्या भाषणात कधी आले नाही. १९१८ च्या जूनमध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी महाराज शिकारीत दगावले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. मागे राहिली इंदुमती, वय अवघे अकरा.

त्या काळी राजघराण्यातली विधवा म्हणजे पडद्याआडचे आयुष्य. महाराजांनी तसे होऊ दिले नाही. कोल्हापूरजवळच्या सोनतळीला त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. म्हणजे ज्या राजाने गावोगावच्या आईबापांना शाळेसाठी दंड लावला, त्याने आपल्या सुनेसाठी मात्र घरची शाळा काढली. यात विसंगती आहे का? मला आधी वाटली. मग विचार केला तर दंड, बोर्डिंगे आणि सोनतळी ही एकाच हट्टाची तीन रूपे दिसली. आईबाप पाठवत नसतील तर दंड. खेड्यातल्या पोराला शहरात आसरा नसेल तर बोर्डिंग. रूढीमुळे मुलगी घराबाहेर पडू शकत नसेल तर विद्याच तिच्यापाशी. महाराजांना मूल शिकायला हवे होते. शाळा हे त्याचे साधन होते.

आणखी एक गोष्ट महाराजांनी केली, तीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. इंदुमतीदेवींना त्यांनी एकटे शिकू दिले नाही. त्यांच्याबरोबर शिकायला निरनिराळ्या जातींच्या मुली आणून ठेवल्या. सोनतळी घर होते, पण त्या घरात गाव आणून बसवले होते. महाराज १९२२ साली गेले, तरी शिक्षण थांबले नाही. इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढे याच शहरात मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी 'ललिता विहार'सारखी संस्था उभी केली.

इथे मला एक धागा सापडला. घरी शिकलेल्या या बायका स्वतः शिकून घरात बसल्या नाहीत. सावित्रीबाईंनी शाळा काढल्या, पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन, इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात. त्यांच्या घरच्या शाळेला बाहेर जाणारे दार होते. घरी शिकवणाऱ्या आजच्या आईबापांना माझे सांगणे एवढेच आहे. मुलाला घरी ठेवा, पण कोंडू नका. स्वतःच्याच जातीच्या, स्वतःच्याच ऐपतीच्या चार घरांपुरते त्याचे जग ठेवू नका. शाळेत माझ्या वर्गात डॉक्टरांचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर बसत. घरच्या शाळेत तो बाक तुम्हाला मुद्दाम आणावा लागेल.

आम्ही तो असा आणला. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची दोन मुले, मागच्या चाळीतली एक मुलगी आणि शेजारचा एक मुलगा दर शनिवारी दुपारी आमच्याकडे येऊ लागले. ती शाळेत जाणारी, हा न जाणारा. सुरुवातीला ती त्याला विचारायची, "तुला खरंच रोज सुट्टी असते?" आता विचारत नाहीत.

साधनांचे म्हणाल तर आमच्या वेळेपेक्षा आज फार सोय आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके संगणकावर फुकट मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथेच वाचता येतात. मराठी विश्वकोश आहे. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटी, सायकलची ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून केलेली खेळणी आहेत, ती बघून नातवाने माझी अर्धी काड्यापेटी संपवली. वाचनासाठी १८५० पासूनचे आपले करवीर नगर वाचन मंदिर आहे. पालकांनी स्वतः वाचायचे असेल तर लीलाताई पाटलांचे 'ऐलमा पैलमा शिक्षण देवा' वाचावे. १९८५ साली त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलाला न घाबरवता शिकवता येते, हे त्यांनी शाळेतच करून दाखवले. घरी शिकवणाऱ्यालाही त्यातून पुष्कळ घेता येईल.

आणि गाव आहे. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या रोमन समुद्रदेवाच्या मूर्तीची गोष्ट मी नातवाला सांगितली, तेव्हा त्याने विचारले, "आजी, समुद्र नाही आणि समुद्राचा देव पंचगंगेवर कसा आला?" त्या एका प्रश्नावर आमचा पंधरा दिवस इतिहास आणि भूगोल चालला. गुऱ्हाळावर गुळाचे रवे मोजताना गुणाकार झाला. वाचन सुधारायला मात्र दोन वर्षे लागली. घाई केली असती तर चार लागली असती.

कायद्याची भीती पुष्कळांना वाटते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण घरी शिकवण्याविषयी त्यात स्पष्ट काही नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, आपल्या राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तर आमच्या पिढीपासून चालत आला आहे. मी स्वतः कितीतरी जणांचे ते फॉर्म भरून दिले आहेत. नियम मात्र दर वर्षी तपासून घ्यावेत आणि मुलाच्या वह्या, जन्मदाखला, जुन्या शाळेचा दाखला नीट जपून ठेवावा.

एक मात्र विसरू नये. आमच्या नातवाला घर होते, घरात पुस्तके होती, नोकरी सोडू शकणारी आई होती आणि रिकामी आजी होती. खोपीतल्या पोराला यातले काही नाही. त्याच्यासाठी शाळाच हवी, आणि ती चांगली हवी. घरी शिकवणाऱ्यांनी सरकारी शाळेला नावे ठेवू नयेत. जमल्यास आठवड्यातून एक तास तिथे जाऊन गोष्ट सांगावी. सूनबाई आता दर बुधवारी जाते.

नातू बारा वर्षांचा आहे. पुढच्या जूनमध्ये शाळेत जायचे की नाही, हे आम्ही त्याच्यावर सोपवले आहे. तो म्हणतो, "अजून ठरलं नाही."

अबोला मोडला त्या आठवड्यात मी कपाटातून एक कोरा कॅटलॉग काढला होता. निवृत्तीच्या वेळी सोबत आणलेला. त्यात त्याचे एकट्याचे नाव लिहिले. पुढे शनिवारच्या चौघांची आली. मग एके दिवशी त्याने माझ्या हातातून पेन घेऊन सहावे नाव लिहिले, माझे. आणि मागच्या महिन्याची हजेरी भरली. सूनबाईने सांगितले तो पहिला महिना मात्र त्याने मला गैरहजर मांडला आहे.