वीजदरातील काळाचे भान

घरगुती विजेच्या जुन्या दरास ‘स्थिर’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः महाराष्ट्रात तो १०० युनिटांनंतर चढत असे. स्थिर होते ते वेळेचे मोल. जुन्या मीटरला केवळ परिमाण कळे, प्रहर कळत नसे.

जून २०२३ मध्ये केंद्रीय नियमांनी सौरतासांत किमान २० टक्के कमी दराचे तत्त्व घातले. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरधारक घरांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटामागे ८० पैसे सवलत मिळू लागली.

तथापि टेंभुर्णीसारख्या शेतीप्रधान गावी दिवस शिवारात जातो आणि दिवे सायंकाळी लागतात. स्थिर दर वेळेविषयी उदासीन होता. नवा दर दिवसा घरी असणाऱ्यास अनुकूल आहे. दरनिश्चितीत ही विषमता विचारात घेतली पाहिजे.