‘कॉन्स्टिट्यूशन’ : एका लाकडी युद्धनौकेचा जीवनपट

लाकडी युद्धनौकेस दीर्घायुष्य क्वचितच लाभते. खारे पाणी, लाकूड पोखरणारे किडे, वादळे आणि शत्रूचे गोळे यांपैकी कोणी ना कोणी तिचा घास घेतोच. या सर्वांतून ती वाचली, तर जुनी झाली म्हणून तिचे धनीच तिला मोडीत काढतात. असे असता इ. स. १७९७ मध्ये पाण्यात उतरलेली एक लाकडी युद्धनौका अद्यापि तरंगत आहे, आणि अमेरिकेच्या नौदलाच्या पटावर तिचे नाव अद्यापि कायम आहे. बॉस्टन बंदरातील ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही ती नौका होय. तिच्या पराक्रमाच्या कथा अमेरिकेत शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. परंतु तिच्या चरित्रातील एक धागा आपल्या माळव्यापर्यंत आणि खानदेशापर्यंत येऊन पोचतो, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी आलेले नाही. तो धागा उलगडण्यापूर्वी या नौकेचा जन्म कोणत्या निकडीतून झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेस इ. स. १७८३ मध्ये स्वातंत्र्य मान्य झाले, त्याबरोबरच तिच्या व्यापारी जहाजांवरील इंग्रजी आरमाराचे छत्रही नाहीसे झाले. नव्या राष्ट्राची तिजोरी रिकामी होती. स्वातंत्र्ययुद्धातील शेवटची युद्धनौकाही इ. स. १७८५ मध्ये विकून टाकावी लागली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अल्जियर्स, ट्यूनिस व ट्रिपोली येथील सत्ताधीशांस ही संधी आयतीच चालून आली. इ. स. १७९३ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी अकरा अमेरिकन जहाजे धरली आणि शंभरावर खलाशी बंदीत टाकले. अखेरीस २७ मार्च १७९४ रोजी काँग्रेसने सहा फ्रिगेट जातीच्या युद्धनौका बांधण्याचा कायदा संमत केला. या नौकांपैकी एकीस अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ‘कॉन्स्टिट्यूशन’, म्हणजे राज्यघटना, हे नाव दिले. ज्या घटनेचा मसुदा सात वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता, तिच्याच नावाने ही नौका समुद्रावर जावी, यात त्या पिढीची आकांक्षा स्पष्ट दिसते.

नौकेचा आराखडा फिलाडेल्फियाचा नौकाशिल्पी जोशुआ हम्फ्रीज याचा. पुष्कळ नौका बांधण्याचे सामर्थ्य राष्ट्रात नाही. तेव्हा ज्या थोड्या बांधावयाच्या, त्या कोणत्याही शत्रूच्या फ्रिगेटहून बळकट आणि त्याहून मोठ्या नौकेच्या हाती न लागण्याइतक्या वेगवान असाव्यात, हे त्याचे सूत्र होते. नौकेचा सांगाडा जॉर्जियाच्या दलदलीच्या बेटांवर वाढणाऱ्या ‘लाइव्ह ओक’ या अतिशय कठीण लाकडाचा केला. हे लाकूड तोडताना ज्वराने कित्येक मजूर अंथरुणास खिळले. त्या कामी गुलामांचेही श्रम लागले होते. सांगाड्याच्या फासळ्या जवळजवळ एकमेकींस भिडलेल्या, आणि त्यांवर आतून व बाहेरून पांढऱ्या ओकच्या फळ्या. त्यामुळे पाण्याच्या रेषेजवळ नौकेची भिंत सुमारे २१ इंच जाड झाली. तांब्याचे खिळे स्वातंत्र्ययुद्धातील प्रख्यात कारागीर पॉल रिव्हिअर याने पुरविले. ४४ तोफांची म्हणून तिची नोंद असली, तरी प्रत्यक्षात तिच्यावर पन्नासाहून अधिक तोफा असत. तिच्या मुख्य तोफा २४ पौंडी होत्या; इंग्रजी फ्रिगेटवर त्या १८ पौंडी असत. हा फरक पुढे फार मोलाचा ठरला. एकूण खर्च तीन लाख डॉलरांवर गेला. सप्टेंबर १७९७ मध्ये दोन वेळा प्रयत्न करूनही नौका उतारावरून पाण्यात सरकेना. अखेर २१ ऑक्टोबर रोजी ती बॉस्टनच्या पाण्यात उतरली.

तिची पहिली वर्षे फ्रान्सशी झालेल्या अघोषित युद्धात, वेस्ट इंडीजच्या समुद्रात गेली. त्यात मोठा संग्राम घडला नाही. त्यानंतर इ. स. १८०३ मध्ये कप्तान एडवर्ड प्रेबल याच्या हाताखाली ती भूमध्य समुद्रात गेली आणि पुढील वर्षी तिने ट्रिपोलीच्या तटबंदीवर तोफांचा भडिमार केला. प्रेबल हा करड्या शिस्तीचा पुरुष. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी पुढील युद्धात नाव मिळविले.

ते युद्ध १८ जून १८१२ रोजी इंग्लंडविरुद्ध पुकारले गेले. अमेरिकन जहाजांवरील खलाशी बळाने उचलून आपल्या आरमारात घालण्याची इंग्रजांची रीत हे त्याचे एक प्रमुख कारण होते. इंग्रजांच्या पदरी पाचशेहून अधिक युद्धनौका. अमेरिकेकडे, लहान तोफहोड्या सोडल्या तर, वीससुद्धा नव्हत्या. अशा वेळी ‘कॉन्स्टिट्यूशन’चे आधिपत्य कप्तान आयझॅक हल याजकडे होते. जुलै महिन्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ पाच इंग्रजी युद्धनौका तिच्या मागे लागल्या, आणि नेमका वारा पडला. तेव्हा हलने होड्या उतरवून नौका ओढावयास लावली. लहान नांगर होडीतून पुढे नेऊन टाकावा आणि त्याचा दोर ओढीत नौका पुढे न्यावी, असा क्रम अहोरात्र चालला. भार हलका करण्यासाठी पिण्याचे पाणी समुद्रात सोडले, वाऱ्याची लहानशी झुळूकही वाया जाऊ नये म्हणून शिडे भिजविली. दोन दिवसांहून अधिक काळ हा पाठलाग चालला आणि अखेर ती निसटली. या युद्धातील तिचा पहिला विजय हा असा, एकही जीव न गमावता मिळालेला होता.

१९ ऑगस्ट १८१२ रोजी ‘गेरिअर’ या इंग्रजी फ्रिगेटशी तिची गाठ पडली. शत्रूच्या तोफा सुरू झाल्या, तरी नौका अगदी जवळ भिडेपर्यंत हलने आपल्या तोफा रोखून धरल्या. नंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ‘गेरिअर’च्या तिन्ही डोलकाठ्या कोसळल्या. इंग्रजांचे गोळे ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या कुशीवर आपटून परत फिरताना पाहून, हिच्या कुशी लोखंडाच्या आहेत, असा उद्गार एका खलाशाने काढला, अशी परंपरागत कथा आहे. तेव्हापासून ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ हे प्रेमाचे नाव तिला चिकटले. या लढाईतील एक गोष्ट इंग्रज कप्तान डेकर्स याच्या मोठेपणाची म्हणून सांगितली पाहिजे. त्याच्या नौकेवर काही अमेरिकन खलाशी होते. त्यांना स्वबांधवांवर शस्त्र चालवावे लागू नये म्हणून त्याने त्यांस खाली जाण्याची अनुज्ञा दिली. पराभवानंतर डेकर्सने पुढे केलेली तलवार हलने स्वीकारली नाही. तीनच दिवसांपूर्वी हलच्या चुलत्याने, जनरल विल्यम हल याने, डेट्रॉइटचा किल्ला शत्रूच्या स्वाधीन केला होता. त्यामुळे पुतण्याच्या या विजयाने राष्ट्रास किती धीर आला असेल, याची कल्पना सहज करता येईल.

आता तो धागा येतो. याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबर रोजी, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ या इंग्रजी फ्रिगेटला गाठले. या वेळी कप्तान विल्यम बेनब्रिज हा होता. लढाई तीन तासांहून अधिक चालली. ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचक्र गोळ्याने उडाले. बेनब्रिज दोनदा जखमी झाला, तरी जागचा हलला नाही; खालच्या मजल्यावरील माणसांस हुकूम पोचवीत त्याने नौका वळविली. ‘जावा’च्या सर्व डोलकाठ्या गेल्या आणि तिचा कप्तान हेन्री लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. नौका बंदरापर्यंत नेण्याजोगी उरली नव्हती, म्हणून तिला आग लावून देण्यात आली. तत्पूर्वी तिचे सुकाणूचक्र काढून ‘कॉन्स्टिट्यूशन’वर बसविले गेले.

ही ‘जावा’ निघाली होती कोठे? मुंबईस. मुंबईच्या गोदीत तेव्हा सागवानी लाकडाची ‘कॉर्नवॉलिस’ ही ७४ तोफांची युद्धनौका बांधली जात होती, आणि तेथील नौकांसाठी लागणारे तांब्याचे पत्रे ‘जावा’वर लादलेले होते. ते तांबे समुद्राच्या तळाशी गेले. पण ‘कॉर्नवॉलिस’ अडली नाही. वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली ती इ. स. १८१३ मध्ये पाण्यात उतरली, आणि पुढे इ. स. १८४२ मध्ये चीनशी झालेला नानकिंगचा तह तिच्याच फळीवर झाला.

‘जावा’वरील दुसरे ओझे अधिक महत्त्वाचे होते. मुंबईच्या फौजेचा नवनियुक्त सरसेनापती लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप हा तिच्यावर प्रवासी होता. तो बेनब्रिजचा कैदी झाला. बेनब्रिजने त्याला व इतर अधिकाऱ्यांना अत्यंत सन्मानाने वागविले, ब्राझीलमधील साल्वादोर येथे त्यांच्या वचनावर मोकळे केले, आणि मरणोन्मुख लॅम्बर्टच्या हाती त्याची तलवार परत दिली. जखमांनी विव्हळत, दोन माणसांच्या आधाराने उभ्या असलेल्या विजेत्याने पराजितास शस्त्र परत करावे, हा प्रसंग दोन्ही राष्ट्रांच्या लेखकांनी आदराने नोंदविला आहे.

हिस्लॉप इंग्लंडास परतला. नंतर त्याची नेमणूक मद्रासच्या फौजेवर झाली. इ. स. १८१७ च्या अखेरीस दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती म्हणून तोच नर्मदा ओलांडून माळव्यात आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या फौजेचा त्याने पराभव केला आणि जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांची स्वतंत्र सत्ता संपली. इंदूरकरांस या लढाईची आठवण वेगळी करून द्यावयास नको. तेथून दक्षिणेकडे परतत असता फेब्रुवारी १८१८ मध्ये हिस्लॉप तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यासमोर आला. किल्लेदार तुळशीराममामा स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. परंतु आतल्या दरवाज्याशी गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग शिबंदीची सरसकट कत्तल झाली. किल्लेदारास हिस्लॉपने त्याच दिवशी फाशी दिले. या कृत्याबद्दल पुढे खुद्द ब्रिटिश पार्लमेंटातही प्रश्न उपस्थित झाले.

पाच वर्षांपूर्वी जो स्वतः शत्रूच्या औदार्यावर सुटला, त्याच्या हातून स्वाधीन झालेल्या माणसाशी असे वर्तन घडावे, हे पाहून मन खिन्न होते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील औदार्य दोन गोऱ्या राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांमधले होते. थाळनेरात ते लागू आहे, असे त्या सेनापतीस वाटले नसावे. युद्धातील सभ्यतेचे नियम कोणासाठी आहेत, हा प्रश्न त्या काळी असाच सोडविला जात असे.

पुन्हा नौकेकडे वळू. २० फेब्रुवारी १८१५ रोजी कप्तान चार्ल्स स्ट्यूअर्ट याने मदीरा बेटाच्या बाजूस ‘सायन’ व ‘लिव्हॅन्ट’ या दोन नौका एकाच सायंकाळी जिंकल्या. तह त्यापूर्वीच झाला होता. पण ती वार्ता समुद्रावर पोचली नव्हती. न्यायाने पाहता हेही सांगितले पाहिजे की, या युद्धात ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरविलेली प्रत्येक नौका तिच्याहून दुर्बल होती. मात्र समसमान म्हणविणाऱ्या फ्रिगेट इतक्या असमान असू शकतात, हे ओळखून इंग्रजी नौदलखात्याने इ. स. १८१३ मध्ये आपल्या कप्तानांस अमेरिकेच्या मोठ्या फ्रिगेटशी एकट्याने झुंज न घेण्याची आज्ञा काढली, यातच हम्फ्रीजच्या सूत्राची यशस्विता आहे.

शांततेच्या काळातील तिची सेवा संमिश्र आहे. इ. स. १८४४ ते १८४६ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या प्रवासात व्हिएतनाममधील दा नांग येथे एका फ्रेंच बिशपच्या सुटकेसाठी तिच्या कप्तानाने तेथील अधिकारी ओलीस धरले. हेतू साधला नाही, आणि अमेरिकेच्या सरकारला पुढे दिलगिरी कळवावी लागली. याउलट इ. स. १८५३ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिने गुलामांच्या व्यापारातील एक जहाज पकडले. तिच्या आयुष्यातील ती शेवटची पकड. जिच्या सांगाड्याचे लाकूड तोडण्यात गुलाम राबले होते, तिच्या हातून शेवटी हे कार्य घडले. यादवी युद्धाच्या आसपास ती नौदलाच्या विद्यार्थ्यांची शाळा झाली, आणि इ. स. १८८१ मध्ये तिची समुद्रसेवा संपली.

तिचा खरा चमत्कार म्हणावा तो तिच्या जतनाचा. इ. स. १८३० मध्ये ती मोडणार, अशी वार्ता बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात आली. खात्याने केवळ दुरुस्तीचा अंदाज मागविला होता, असे म्हणतात. पण ऑलिव्हर वेंडेल होम्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने संतापाच्या भरात लिहिलेली कविता १६ सप्टेंबर रोजी छापली गेली. ती राष्ट्रभर पसरली आणि नौका वाचली. इ. स. १९०५ मध्ये नौदलमंत्री चार्ल्स बोनापार्ट याने, नेमबाजीच्या सरावासाठी तिचा लक्ष्य म्हणून उपयोग करावा, असे सुचविले. पुन्हा लोकक्षोभ उसळला, आणि काँग्रेसने दुरुस्तीसाठी एक लाख डॉलर मंजूर केले. त्यानंतरच्या मोठ्या दुरुस्तीसाठी इ. स. १९२५ पासून शाळकरी मुलांनी पेनी-पेनी जमवून निधी उभारला. दुरुस्तीनंतर इ. स. १९३१ ते १९३४ या काळात ती बंदरोबंदरी नेण्यात आली, तेव्हा सुमारे ४६ लाख लोकांनी तिचे दर्शन घेतले. २१ जुलै १९९७ रोजी, द्विशताब्दीच्या वर्षी, ११६ वर्षांच्या खंडानंतर तिने स्वतःच्या शिडांवर पुन्हा समुद्र कापला. ‘गेरिअर’वरील विजयास दोनशे वर्षे झाली, त्या १९ ऑगस्ट २०१२ रोजी ती पुन्हा शिडे उभारून निघाली, आणि इ. स. २०१५ ते २०१७ मध्ये कोरड्या गोदीत तिची आणखी एक दुरुस्ती झाली.

तिच्यात मूळचे लाकूड आता दहा ते पंधरा टक्केच उरले असावे, असा अंदाज आहे. मग ही तीच नौका म्हणावी काय? हा प्रश्न आपल्या मंडळीस अपरिचित नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी छप्पर नवे होते, खांब बदलतात, सभामंडप पुन्हा उभारला जातो. तरी गावाचे देऊळ तेच राहते, कारण ते राखणाऱ्या हातांची परंपरा तुटलेली नसते. ‘कॉन्स्टिट्यूशन’चेही तसेच आहे. इंडियाना राज्यात क्रेन येथे नौदलाच्या ताब्यातील एका अरण्यात पांढऱ्या ओकची झाडे केवळ तिच्या भावी दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेली आहेत. पुढील पिढी कोणती फळी बदलील, याची तरतूद आजच्या पिढीने झाडे राखून करून ठेवली आहे.

आणि ज्या मुंबईसाठी ‘जावा’वरील तांबे निघाले होते, त्याच मुंबईच्या गोदीत इ. स. १८१७ मध्ये, म्हणजे महिदपूरच्याच वर्षी, पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. आपल्या कारागिरांच्या हातची ती नौका परक्यांनी जपली. ‘कॉन्स्टिट्यूशन’चा हा जीवनपट वाचताना, आपल्या किनाऱ्यावर बांधल्या गेलेल्या शेकडो नौकांपैकी एकही जपण्याची बुद्धी आपणांस का झाली नाही, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.